ग्वाल्हेरची यादी इंदूरला चालत नाही

ग्वाल्हेरची मावशी, इंदूरची भाची आणि बडोद्याची वहिनी यांना होळीनंतर उन्हाळ्याच्या तयारीची एकच यादी पाठवून भागत नाही. उन्हाळा तिघींकडे येतो, पण धोका निराळा. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले, तेव्हा सुरुवात आमच्याकडूनच.

इथे आधी आंधीची, म्हणजे धुळीच्या वादळाची तयारी, मग लूची, म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या गरम वाऱ्याची. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी गार हवा राजस्थानकडच्या कोरड्या जमिनीवरून धावत सुटते आणि धुळीची भिंतच उभी करते. पश्चिमेला आकाश पिवळट-तांबूस झालं की हातात वेळ थोडाच असतो. २ मे २०१८ च्या वादळात राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून शंभराहून जास्त माणसं गेली. पुष्कळशी झोपेत, घरं अंगावर कोसळून. त्यातलं धौलपूर आमच्या अगदी शेजारचं. म्हणून चैत्रातच एकदा गच्चीवर चढून सुटे पत्रे, रिकामे डबे, कठड्यावरच्या कुंड्या खाली आणा आणि टाकीचं झाकण तारेने बांधा. वाळवण घातलं असेल तर घरात एक माणूस मोकळा हवाच. प्लॅस्टिकच्या चार टोकांवर विटा ठेवल्या म्हणून निर्धास्त राहू नये. कागद विटांखालून सुटतो आणि पुढे वर्षभर कुरडयांत वाळू करकरते. आंधीत गाडी चालवत असाल तर रस्त्याच्या कडेला थांबा, पण झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नव्हे.

कूलरचा खस किंवा गवत मार्चमध्येच बदला. पाणी भरताना प्लग काढा. ही सवय घरातल्या पोरांनाही लावा, कारण ओल्या हाताने पत्र्याच्या कूलरला शिवणं जिवावर बेतू शकतं. मैदानी भागात तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. तो दिवस बाजारहाटाचा नव्हे. पन्हं हवंच, पण सोबत ओआरएसची पाकिटंही ठेवा. ती नसतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. कुणी बरळू लागलं, शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

इंदूरकर माळव्याच्या गार रात्रींवर फार विसंबतात. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, रात्री सुसह्य असतात, हे खरं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, आणि समुद्राकडून येणारी ओल यांची गाठ पडली की ऐन गव्हाच्या कापणीत गारपीट होते. शेत असलेल्यांनी कापलेला माल झाकायला ताडपत्री आधीच आणून ठेवावी. शहरातल्यांनी गाडी छपराखाली लावावी. मे-जूनमध्ये विजांचं भय. वीज पडून माणसं दगावणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश वरच्या क्रमांकावर आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घ्या. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, नाहीतर काचा बंद केलेल्या मोटारीत. शेतातल्या एकट्या झाडाखाली मुळीच नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा.

बडोद्याचं गणित निराळंच. मेच्या उत्तरार्धात हवेत दमटपणा चढतो, घाम वाळत नाही आणि कूलर नुसता ओलसर वारा देतो. कूलरवर भिस्त ठेवण्यापेक्षा खिडक्या समोरासमोर उघडा, अंगाला ओलं कापड लावा. सकाळी आठनंतर वयस्कर मंडळींनी फिरायला जाऊ नये. शिवाय मे-जूनमध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं. तौते १७ मे २०२१ च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं आणि मग गुजरातच्या आत सरकलं. समुद्र दूर आहे म्हणून बडोद्याने निवांत राहू नये. चार्ज केलेली पॉवर बँक, टॉर्च, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, आठवडाभराच्या गोळ्या, आणि रेशन कार्ड, आधार वगैरे एका झिपच्या पिशवीत. इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर वीज गेल्यावर ते गार कुठे ठेवायचं हेही आजच ठरवा. शेजाऱ्याकडे इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो का, विचारून ठेवा.