गावात टिकणारा लॅपटॉप कसा निवडावा: आधी बिजागरी, मग प्रोसेसर

माझा पहिला लॅपटॉप बिजागरीनं मेला. प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत. पण मी काम करतो त्या, लोकांचे दाखले-अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात दिवसातून वीसदा झाकण उघडा, मिटा, यात डाव्या बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमधून उपटून आले आणि झाकणाचा कोपरा भाकरीसारखा फुगला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून एसटीनं तो दोनदा नागपूरला नेला. दोन्ही वेळा गोंद लावून परत मिळाला. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

आधी वाण विचारा

कपाशीचं बियाणं घेताना आपण पाकिटावरच्या चित्राला भुलत नाही, वाण विचारतो. इथंही तसंच. एकाच कंपनीचे घरगुती लॅपटॉप वेगळे, ऑफिससाठी काढलेले वेगळे. ऑफिसवाल्यांत लेनोवोचे थिंकपॅड (1992 साली आयबीएमनं आणलेले, 2005 मध्ये लेनोवोकडे गेलेले), एचपीचे प्रोबुक आणि एलिटबुक, डेलचे लॅटिट्यूड. डेलनं 2025 मध्ये नावं बदलली, लॅटिट्यूडच्या जागी नवे लॅपटॉप 'डेल प्रो' म्हणून येतात. यांतही वरचे-खालचे आहेत: थिंकपॅड ई आणि प्रोबुक खालच्या किमतीचे, थिंकपॅड टी आणि एलिटबुक वरचे. तेवढ्याच पैशात खालचा नवा की वरचा तीन वर्षं वापरलेला, असं विचाराल तर मी वापरलेला घेईन. फक्त त्याची तपासणी वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

हातानं पाहा

दुकानात तो चालू करण्याआधीच हे करा. झाकण स्क्रीनच्या एका कोपऱ्याला धरून उघडा आणि बिजागरीजवळची सांध उजेडात पाहा. झाकण उचलताना तिथली फट रुंदावत असेल तर तो लॅपटॉप खाली ठेवा. मग झाकण अर्धवट उघडं सोडा. ते तिथंच थांबलं पाहिजे. टेबलावर हलकी थाप मारा, स्क्रीन डोलत राहायला नको. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबा. गादीसारखा खाली गेला तर आतली चौकट पातळ आहे. शेवटी पुढच्या एका कोपऱ्याला धरून लॅपटॉप एका हातानं उचला आणि करकर येते का ऐका.

हे सगळं करत असताना दुकानदार म्हणाला, "भाऊ, लॅपटॉप घेऊन राहिले का बैल?"
"दोन्ही पाहूनच घ्या लागते," मी म्हटलं.

'मिलिटरी ग्रेड'च्या स्टिकरवर फार विसंबू नका. त्यावर लिहिलेली मिल-एसटीडी-810एच ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे. सैन्य लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते.

एक आपल्याकडची गोष्ट. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी मजबूत खरी, पण घरात अर्थिंग नसेल तर चार्जिंगला लावल्यावर मनगटाला झिणझिण्या येतात. तो दोष बहुधा लॅपटॉपचा नसतो. आधी अर्थिंग करून घ्या.

ऊन, धूळ, लाईट

बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी हवेचं कमाल तापमान 35 अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. म्हणून सगळ्यात पातळ मॉडेलच्या मागे लागू नका. पंखा असलेलं, जाळी मोठी असलेलं घ्या. खालचं झाकण साध्या स्क्रू ड्रायव्हरनं निघतं का विचारा. आमच्या गावाजवळ जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) आहे. हंगामात पंख्यात रुईची अशी गादी बसते की चिमटीनं काढावी लागते. झाकण सहज निघत असेल तर हे काम घरी दहा मिनिटांत होतं. तो दुरुस्तीच्या दृष्टीनं बनवलाय, याचीही ती खूण. रॅमला (चालू कामाच्या मेमरीला) मोकळा खाचा आहे का तेही तेव्हाच कळतं. बोर्डावर डाग देऊन बसवलेली रॅम पुढे वाढवता येत नाही, तशा लॅपटॉपमध्ये पहिल्यापासूनच 16 जीबी घ्या.

लाईटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी 50 वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) वर असावी. यूएसबी-सीनं चार्ज होणारा लॅपटॉप सोयीचा, चार्जर बिघडला तर पुरेशा वॅटचा दुसरा कोणाकडून तरी मागता येतो. अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर यांसाठी जुन्या आकाराचे निदान दोन यूएसबी पोर्ट आणि इंटरनेटच्या तारेसाठी लॅन पोर्ट हवा. स्क्रीन किमान 300 निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप); 250 ची स्क्रीन ओसरीत दुपारी आरसाच होते.

वापरलेला घेताना

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून विंडोज 11 ला चालणारा घ्या: इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची सोय) असलेला. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान, उघडून पाहा. लॅपटॉप सुरू होताना दाबायचं बटण: थिंकपॅडला एफ1, डेलला एफ2, एचपीला एफ10. पासवर्ड मागितला तर उठून या. पुढची तपासणी बहुतेकजण करत नाहीत: विंडोज रीसेट करायला लावा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू करा. कुठल्या तरी कंपनीच्या नावानं लॉगिन मागू लागला, तर तो अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कितीही स्वस्त असो, नको.

विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची क्षमता) शेजारी ठेवा. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

वॉरंटी नवीन लॅपटॉपची असो की जुन्याची, 'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येणार. पण आपल्या पिन कोडवर येणार का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. मग बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहा.