खाऱ्या जमिनीत मोहरी पेरताय? या चुका टाळा

‘मोहरी क्षार सोसते’ एवढंच ऐकून पेरणीला निघणारी माणसं दर हंगामात भेटतात. सोसते, हे खरं आहे. पण कोणत्या वयात सोसते, किती सोसते आणि कुठले क्षार सोसते, हे विचारायला कुणी थांबत नाही. मग उगवण फसली की खापर बियाण्यावर.

उगवणीलाच खारं पाणी

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोहरीची सोसण्याची ताकद वाढलेल्या रोपात असते. त्याची मुळं आत शिरलेलं सोडियम बरंचसं परत बाहेर टाकतात, उरलेलं पेशींमधल्या पोकळ्यांत कोंडून ठेवतात आणि पालाश, म्हणजे पोटॅशियम, धरून ठेवतात. कोंब फुटणाऱ्या दाण्याकडे यातलं काहीच पुरेसं तयार नसतं. त्याला आधी पाणी शोषायचं असतं, आणि खारी माती तेच पाणी ओढून धरते.

एका ओळखीच्या शेतकऱ्याने कोरड्यात पेरून वरून विहिरीचं खारं पाणी दिलं. आठवड्याने शेत जवळजवळ रिकामं होतं. बोटाने माती उकरली तर दाणे फुगून तसेच पडलेले, काहींचा कोंब टोकाला तपकिरी झालेला. जी थोडी रोपं वर आली होती त्यांच्या पहिल्या दोन पानांच्या कडा करपल्या होत्या. फक्त बांधालगत, जिथे आदल्या पावसाचं पाणी साचून मुरलं होतं, तिथे हिरवी पट्टी उभी होती. त्यांनी तेच बियाणं पुन्हा पेरलं, पुन्हा तेच पाणी दिलं आणि पुन्हा तेच झालं. शेवटी आम्ही उरलेलं बी दोन ओल्या फडक्यांत गुंडाळलं. एक फडकं गोड्या पाण्यात भिजवलेलं, दुसरं त्या विहिरीच्या. गोड्या पाण्यातल्या बियाला दोन-तीन दिवसांत मोड आले, विहिरीच्या पाण्यातलं रेंगाळलं आणि अर्ध्यामुर्ध्यालाच मोड आले. बियाण्यात काहीच खोट नव्हती.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी फडक्याची परीक्षा करायला सांगतो. गोडं पाणी थोडंच असेल तर ते सगळं पेरणीआधीच्या ओलवणीला वापरा. ते वरच्या थरातले क्षार खाली ढकलतं. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओलसर झाली, की दोन-तीन सेंटीमीटर खोलीवर पेरा. विहिरीचं मध्यम खारं पाणी पीक नीट पाय रोवून उभं राहिल्यावर, महिनाभरानंतर, चालतं. ज्यांना ओलवणीचे चार दिवस थांबवत नाहीत, त्यांनी खाऱ्या जमिनीच्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खारवट आणि चोपण एकच समजणं

ही दुसरी चूक, आणि इथे पैसा मातीत जातो. खारवट म्हणजे क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. वर पांढरा थर येतो, वाळल्यावर माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतं. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं आणि सामू (पीएच) 8.5 च्या वर जातो. अशा जमिनीत पाणी गढूळ होऊन वरच साचतं आणि वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. पहिल्या जमिनीला चांगलं पाणी आणि निचरा हवा, दुसरीला आधी जिप्सम (सोडियम हटवणारं कॅल्शियमचं खनिज) आणि मग पाणी. नुसत्या क्षारयुक्त, निचरा नसलेल्या रानात लोक पोत्यामागून पोती जिप्सम टाकतात आणि पांढरा थर जिथल्या तिथे राहतो. चर काढल्याशिवाय क्षार जाणार कुठे?

मी मातीचा वाळलेला खडा काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडतो. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरून तसाच राहिला तर चोपणचा संशय धरायचा. याने तपासणी अहवालाची गरज संपत नाही, पण अहवालात काय पाहायचं ते कळतं.

अहवालावरूनच आठवलं. मातीत अडीचपट पाणी घालून मोजलेली विद्युत वाहकता (क्षार किती आहेत ते सांगणारा आकडा) आणि संपृक्त अर्कातली, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्यातली, वाहकता हे वेगळे आकडे आहेत. दुसरा कितीतरी मोठा येतो, आणि हलक्या जमिनीत फरक आणखी वाढतो. क्षार सोसण्याच्या मर्यादा बहुधा संपृक्त अर्काच्या असतात. ‘माझी तर दोनच आहे’ म्हणून निर्धास्त होण्याआधी कुठली पद्धत वापरली ते विचारा.

वाण निवडताना ‘मोहरी म्हणजे मोहरी’ असं धरू नका. राईत, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोहरीत, तोरिया (मोहरीच्याच कुळातलं तेलबियांचं पीक) आणि काळी मोहरी या दोन्हींचे गुणसूत्र संच एकत्र आले आहेत, आणि ती त्या दोघींपेक्षा क्षार जास्त सोसते. करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे सीएस 52, सीएस 54, सीएस 56 हे वाण याच कामासाठी काढलेले आहेत. संपृक्त अर्काची वाहकता साधारण 6 ते 9 डेसीसायमन प्रति मीटर असलेल्या जमिनीत ते तग धरतात. पण हेही उगवण साधल्यानंतरचं.

सरी-वरंब्यावर पेरत असाल तर वरंब्याच्या माथ्यावर बी टाकू नका, क्षार तिथेच गोळा होतात, बगलेत पेरा. बी नेहमीपेक्षा पाव पट जास्त घ्या आणि विरळणीची घाई करू नका. बियालगत रासायनिक खत नको. पालाश द्यायचं असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश बरं, कारण म्युरेटमधून क्लोराईडची भर पडते आणि सल्फेटमधून मोहरीला लागणारं गंधक मिळतं.

खालची पानं पिवळी पडली की लगेच युरिया ओतणारेही पुष्कळ. खाऱ्या जमिनीत रोप बरंचसं सोडियम जुन्या पानांत साठवतं, त्यामुळे ती आधी जातात. नजर शेंड्याकडे ठेवा. नवी पानं ताजी असतील तर पीक ठीक चाललंय. त्यांच्याच कडा करपू लागल्या तर युरिया बाजूला ठेवून आधी पाणी तपासा, आणि मिळालं तर पुढचं पाणी गोडं द्या.