बार्तीमयाचा प्रसंग तीन शुभवर्तमानांत ताडून कसा वाचावा

यरीहो या गावाजवळ येशू बार्तीमय नावाच्या आंधळ्याला दृष्टी देतो. हा प्रसंग बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या जीवनावरच्या ग्रंथांपैकी, मत्तय, मार्क आणि लूक या तिघांत येतो. इ. स. १७०च्या सुमारास तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने मिळून एकच सलग ग्रंथ केला. आपणही मनातल्या मनात तेच करतो, आणि प्रत्येक लेखकाचे म्हणणे त्यात विरून जाते. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने समांतर उताऱ्यांचे दहा तक्ते केले. मजकूर मात्र जिथल्या तिथे राहू दिला. अभ्यासाला हीच वाट बरी.

कागद आडवा धरून तीन रकाने आखा: मत्तय २०:२९-३४, मधे मार्क १०:४६-५२, मग लूक १८:३५-४३ (आधीचा आकडा अध्यायाचा, नंतरचे वचनांचे). बहुतेक अभ्यासक मार्कला सर्वांत आधीचा मानतात, म्हणून तो मधे. उतारे हाताने उतरवा, एका ओळीत एकच कृती. जे एखाद्याकडे नाही, तिथे जागा कोरी सोडा. तिन्ही उतारे एकाच भाषांतरातले हवेत. एक पंडिता रमाबाईंचा आणि दुसरा बायबल सोसायटीचा घेतलात, तर भाषांतरांतला फरक लेखकांचा वाटू लागतो. छापील मथळे गाळा. ते मूळ मजकुरातले नाहीत.

आता तिघांत सारखे ते लाल, दोघांत सारखे ते निळे, एकट्याचे ते हिरवे अधोरेखित करा. खरे काम हिरव्याचे. बार्तीमय हे नाव आणि त्याने झग्यासारखे वरचे वस्त्र टाकून उडी मारणे फक्त मार्ककडे. डोळ्यांना स्पर्श फक्त मत्तयाकडे, आणि त्याच्याकडे आंधळे दोन. लोकांनी देवाची स्तुती केली, हे फक्त लूककडे.

यानंतर उताऱ्याच्या मागचे-पुढचे वाचा. घाईत हीच पायरी सुटते. मार्क १०:३६ मध्ये याकोब व योहान यांना येशू विचारतो, ‘मी तुमच्यासाठी काय करावे?’ जवळजवळ तोच प्रश्न १०:५१ मध्ये बार्तीमयाला. शिष्य मानाच्या जागा मागतात, आंधळा दृष्टी मागतो आणि वाटेने येशूमागे चालू लागतो. लूकने शिष्यांची ती मागणी घेतलेलीच नाही, त्यामुळे ही जोडी त्याच्याकडे दिसणार नाही.

लूककडे प्रसंग यरीहोजवळ येताना घडतो, इतर दोघांकडे तिथून निघताना. जुने आणि नवे अशी दोन यरीहो मानून काही जण मेळ घालतात. तसे करण्याआधी लूक १९:१-१० वाचा: जक्कय या जकातदाराची येशूशी भेट यरीहोतच होते आणि ती लूकने या प्रसंगाला लागूनच ठेवली आहे. समासात आधी एवढेच टिपा.