खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे अचानक मरू नयेत म्हणून

नव्या सागरी टाकीत मासा मेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पाणी तर अगदी स्वच्छ होतं!" असेलही. पण अमोनियाला रंग नसतो, खारेपणा डोळ्यांना दिसत नाही आणि प्राणवायू कमी झाला म्हणून पाणी गढूळ होत नाही. तेव्हा या छंदात पहिला खर्च माशावर नको, मोजण्याच्या साधनांवर करा: अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचे टेस्ट किट, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचं साधन) आणि थर्मामीटर. पुढचं सगळं या साधनांच्या भरवशावरच चालतं.

१. टाकी आधी, मासा नंतर

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. खाऱ्या पाण्यात घाई जास्त महागात पडते, कारण इथे पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा सांगणारा आकडा) ८.१ ते ८.४ असतो. पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्यातल्या माशाने जेवढा अमोनिया कसाबसा सोसला असता, तेवढाच इथे जीव घेतो.

मासे न घालता टाकी तयार करा. अमोनियम क्लोराइडचे थेंब घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) आणा आणि दर एक-दोन दिवसांनी मोजत राहा. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार झाली. मग निम्मं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा. बाटलीतले जिवाणू घातले तर वेळ वाचू शकतो, चाचणी मात्र टाळता येत नाही. "आधी एक चिवट डॅमसेल मासा सोडा, तो टाकी तयार करेल" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्या माशाचे हाल होतात, आणि तो जगलाच तर टाकी आपली समजून पुढच्या प्रत्येक माशावर धावून जातो.

२. खारेपणा स्थिर ठेवा

स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठच घ्या. ते वेगळ्या बादलीत आरओ पाण्यात घाला, पंप आणि हीटर लावून शक्यतो एक दिवस फिरू द्या. मीठ थेट टाकीत ओतू नका. विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप, साध्या पाण्याचं १.०००) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २७ अंश ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या पाण्याने शून्यावर जुळवलेलं यंत्र वरच्या आकड्यांवर फसवू शकतं.

नवशिके इथे एका साध्या गोष्टीत चुकतात. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. म्हणजे कमी झालेली पातळी भरायची ती मीठ नसलेल्या आरओ पाण्याने, आणि रोज थोडी थोडी. आठवडाभर वाट पाहून एकदम बादलीभर ओतलंत, तर आधी खारेपणा चढत जातो आणि मग एका झटक्यात उतरतो.

३. पृष्ठभाग हलता ठेवा

२५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. मुळातच हाताशी कमी, त्यात रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं. रात्री ठीक असलेले मासे पहाटे मेलेले दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. पावरहेडचं (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड थोडं वर वळवा, म्हणजे पृष्ठभागावर सतत लाटा उठतील. वीज गेली तर चालेल असा बॅटरीचा एअर पंप जवळ ठेवा. आणि बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतल्या जिवाणूंनी प्राणवायू संपवलेला असतो, आणि ते कुजकं पाणी थेट टाकीत येतं. आधी डबा रिकामा करून आतलं साहित्य टाकीतून काढलेल्या पाण्यात धुऊन घ्या.

४. पिशवीतून टाकीत

मासा विकत घेताना दुकानातल्या पाण्याचा खारेपणा विचारा. काही ठिकाणी परजीवींना आळा घालण्यासाठी तो १.०२० किंवा त्याहून कमी ठेवतात. जास्तीतून कमी खारेपणात जाणं माशाला तुलनेने सोपं पडतं, कमीतून एकदम जास्तीत जाणं जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी आपल्या वेगळ्या टाकीतलं (क्वारंटाइनची, तिच्याविषयी पुढच्या भागात) पाणी दुकानातल्या खारेपणाला जुळवा आणि मग दिवसाला ०.००१ ते ०.००२ असं वाढवत न्या.

बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगवा, म्हणजे तापमान जुळेल. मासा तासाभरात घरी पोचला असेल तर पिशवीत थोडं थोडं पाणी घालत अर्धा-पाऊण तास घेतलात तरी चालेल. पण लांबचा प्रवास झाला असेल तर हा सावकाशपणाच घातक. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी खारेपणा आधीच जुळवलेला हवा आणि मासा लगेच पाण्यात जायला हवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

५. क्वारंटाइन टाळू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळे मासे एकदम जातात ते बहुधा इथेच. मरीन वेलव्हेट नावाचा परजीवी कल्ल्यांवर बसतो आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो, कधी अंगावर काही दिसण्याआधीच. भराभर श्वास, प्रवाहासमोर तोंड धरून थांबणं, उजेड टाळणं, अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसणं ही त्याची लक्षणं. मरीन इक हा दुसरा परजीवी त्यापेक्षा सावकाश चालतो. त्यात मिठाच्या खड्यासारखे पांढरे ठिपके येतात आणि काही दिवसांनी जातात. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही. परजीवी अंगावरून उतरून वाळूत, दगडांवर वाढत असतो आणि कितीतरी पटींनी परत येतो.

क्वारंटाइनसाठी थाटमाट लागत नाही. वाळू-दगड नसलेली छोटी टाकी, हीटर, झाकण, लपायला प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आणि काही आठवडे मुख्य टाकीत ठेवून जिवाणू बसलेला स्पंज फिल्टर एवढं पुरे. प्रत्येक नवा मासा तिथे निदान महिनाभर राहू द्या. पहिल्या आठवड्यात अमोनिया रोज मोजा.

६. बाकीची पथ्यं

एका वेळी एक-दोनच मासे घाला आणि पुढच्यांसाठी दोन-तीन आठवडे थांबा. सुरुवात क्लाउनफिश किंवा रॉयल ग्रामाने करा, टँग आणि मँडरिन आत्ता नकोत. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. जाळीचं झाकण लावा, फायरफिशसारखे मासे उडी मारून बाहेर पडतात. हातावर साबण, क्रीम असताना पाण्यात हात नको. खोलीत डास-झुरळांचा फवारा मारू नका, एअर पंप तीच हवा पाण्यात ढकलतो. हीटर चालू स्थितीत अडकून पाणी तापू शकतं, म्हणून वेगळा तापमान नियंत्रक लावलेला बरा.

एखादा मासा गेलाच तर

मेलेला मासा लगेच काढा आणि अमोनिया, खारेपणा, तापमान मोजा. सगळे मासे एकदम धापा टाकत असतील तर संशय पाण्यावर घ्या. खारेपणा आणि तापमान जुळवलेल्या पाण्याने पाव ते निम्मं पाणी बदला, हवा वाढवा, फिल्टरमध्ये ताजा कार्बन (विषारी द्रव्यं शोषणारा कोळसा) घाला. एकामागून एक जात असतील तर रोग, आणि एकच मासा फाटक्या परांनिशी कोपऱ्यात असेल तर मारामारी. रोग दिसला तर उरलेले सगळे मासे वेगळ्या टाकीत उपचाराला हलवा आणि मुख्य टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवा, यजमान न मिळाल्याने परजीवी मरतो. परजीवींवरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीच घालू नका. दगड-वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे मात्रा नेमकी राहत नाही, आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्यानेच मरतात.