मनगटातून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी: टेबलावर जाण्याआधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

अँजिओग्राफी म्हणजे मनगटातून बारीक नळी नेऊन हृदयाच्या शिरांची चित्रं घेणं. ती सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात. कॅथलॅबचं, म्हणजे जिथे हे करतात त्या खोलीचं, दार अर्धवट उघडतं आणि सिस्टर विचारतात, "पेशंटसोबत कोण आहे? आत या." काचेपलीकडे पेशंट टेबलावर, अलीकडे पडद्यावर काळ्या शिरांचं हलतं चित्र. डॉक्टर एका जागी बोट ठेवतात. "इथे नव्वद टक्के ब्लॉक आहे. आत्ताच स्टेंट टाकू या का?" स्टेंट म्हणजे शीर उघडी ठेवणारी धातूची जाळी; ब्लॉक फुग्याने उघडून ती बसवणं म्हणजे अँजिओप्लास्टी. सहीचा कागद पुढे येतो. चित्रातलं काही कळत नाही, पैशांची जुळणी झालेली नाही, अशा अवस्थेत घरच्यांनी पाच मिनिटांत हो किंवा नाही म्हणायचं असतं. यातले बहुतेक प्रश्न आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवता येतात.

पण आधी एक फरक लक्षात घ्या. ईसीजीवर मोठा हार्ट अटॅक दिसत असेल तर खालचं काहीही विचारत बसू नका, सही करून मोकळे व्हा. पूर्ण बंद झालेली शीर जितका वेळ बंद, तितका स्नायू मरतो. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत शीर उघडावी, असं उद्दिष्ट असतं. कॅथलॅब असलेल्या ठिकाणी १२० मिनिटांत पोचणं शक्य नसेल, तर आहे त्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मगच पुढे निघायचं. तालुक्याच्या गावात डॉक्टर हे इंजेक्शन देत असतील तर "इथे नको, थेट पुण्याला नेतो" असा हट्ट धरू नका. त्या घडीला योग्य उपचार तोच असतो.

आदल्या दिवशीचे प्रश्न

हे प्रश्न ठरवून केलेल्या तपासणीसाठी: चालताना छाती भरून येते, स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणून अँजिओग्राफी सांगितली आहे.

पहिला प्रश्न: ब्लॉक निघाला तर त्याच बैठकीत स्टेंट टाकणार, की चित्र दाखवून नंतर? एका शिरेत सरळसोट, छोटा ब्लॉक असेल तर लगेच केलेलं सोयीचं, दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. तिन्ही मुख्य शिरा खराब निघाल्या किंवा डाव्या मुख्य धमनीच्या मुळाशीच ब्लॉक निघाला, तर टेबलावरून खाली उतरवून बायपासच्या सर्जनशी बोलणं शहाणपणाचं. मधुमेह असेल आणि अनेक शिरांत ब्लॉक असतील तर बायपासचा फायदा जास्त टिकतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. "असं काही निघालं तर आम्ही थांबू, चित्र घेऊन दुसरं मत घेऊ," हे आधीच सांगून ठेवा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

दुसरा प्रश्न मधल्या ब्लॉकचा. साधारण ७० टक्क्यांच्या वरचा ब्लॉक महत्त्वाचा धरतात, पण ५० ते ७० मधलं नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. दोन डॉक्टर दोन आकडे सांगतात. तिथे दाब मोजणारी बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात. तिने मोजलेला एफएफआर, म्हणजे ब्लॉकच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे तो आकडा, ०.८० किंवा त्याखाली आला, तर ब्लॉकमुळे रक्त खरोखर कमी पडतंय. त्यावर असेल तर बहुतेकदा गोळ्यांवर भागतं. ही सोय तिथे आहे का आणि तिचा खर्च किती, हे विचारा.

तिसरा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही, सांगायचा: पुढच्या वर्षभरात एखादं ऑपरेशन ठरलंय का? मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, दाढ काढणं? मूळव्याधीतून रक्त जातं का, अल्सर झाला होता का? स्टेंट टाकला की काही महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या थांबवता येत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांवर असेल तर क्रमच बदलावा लागतो.

पैशांचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. आधी एकाच स्टेंटचे लाखाच्या वर लागत. हा आकडा वेळोवेळी बदलतो, मर्यादा मात्र कायम आहे. ती फक्त स्टेंटची आहे. फुगा, वायर, कॅथेटर (हृदयापर्यंत नेतात ती बारीक नळी), कॅथलॅबचं भाडं हे वेगळं, आणि पॅकेज फुगतं ते तिथेच. "एक स्टेंट, एक फुगा धरून अंदाजे किती, दुसरा स्टेंट लागला तर वर किती?" असं नेमकं विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. स्टेंटच्या मंजुरीसाठी अँजिओग्राफीची चित्रं लागतात, त्यामुळे ठरवून केलेल्या केसमध्ये दोन वेगळ्या बैठका होऊ शकतात.

तयारी

रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, बघितलेलं असायला हवं, कारण शिरा दिसाव्यात म्हणून जो आयोडीनचा डाय सोडतात तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. क्रिएटिनीन जास्त असेल तर आधीपासून सलाईन लावतात आणि डाय बेताने वापरतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायची की नाही, हेही याच आकड्यावर ठरतं. स्वतःहून बंद करू नका. आधी कधी सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल तर ठळकपणे सांगा.

जेवण साधारण सहा तास आधी बंद. बीपीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायला बहुतेक वेळा सांगतात. सकाळचं इन्सुलिन मात्र विचारूनच, कारण पोट रिकामं आणि इन्सुलिन आत गेलं तर साखर उतरते. उजव्या मनगटातली बांगडी, घड्याळ, गंडा-दोरा घरीच काढा. नेलपॉलिश पुसा, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लागते. मनगट आणि दोन्ही जांघा साफ करतात. मनगटातून जमलं नाही तर जांघ तयार असावी, एवढंच त्याचं कारण, घाबरू नका. आत जाण्याआधी लघवी करून घ्या.

टेबलावर

खोली थंडगार असते, टेबल अरुंद आणि कडक. पूर्ण भूल देत नाहीत, तुम्ही जागे असता. मनगटावर भुलीचं एक ते दोन मिलिलिटर इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं झणझणतं. दुखणं बहुतेक तेवढंच. मग धमनीत सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी बसवतात. धमनी आकसू नये म्हणून त्यातून जे औषध सोडतात, त्याने कोपरापर्यंत काही सेकंद आग होते. ती अपेक्षितच आहे.

मनगटाची धमनी मुळातच दोन-तीन मिलिमीटरची. माणूस घाबरला, हात ताठ केला की ती नळीला घट्ट धरते आणि हात दुखायला लागतो. दुखलं तर सोसत बसू नका, बोला. आणखी औषध देऊन ती सैल करता येते, नाहीतर जांघेतून जातात. उंची कमी असलेल्या आणि वयस्कर बायकांमध्ये हे जास्त घडतं.

कॅमेरा छातीजवळून फिरतो, "श्वास रोखा", "खोका" असं सांगतात. डाय जाताना अंगातून गरम लहर जाऊ शकते. नुसती अँजिओग्राफी अर्ध्या तासाच्या आत आटपते.

स्टेंट टाकायचा ठरला तर हृदयाच्या शिरेच्या मुखाशी कॅथेटर टेकवून ०.३६ मिलिमीटर जाडीची वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात. तिच्यावरून फुगा, मग फुग्यावर मिटवून बसवलेली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट. फुगा बारा-सोळा वातावरणांच्या दाबाने फुगवतात; गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. ते वीस-तीस सेकंद शिरेतला प्रवाह थांबतो, त्यामुळे छातीत तुमचं नेहमीचं दुखणं उठू शकतं. फुगा उतरला की तेही उतरतं. नाही उतरलं तर लगेच सांगा. शिरेच्या आतल्या थराला चीर गेली असेल किंवा लगतची छोटी फांदी दाबली गेली असेल, आणि तुमचं सांगणं पडद्याइतकंच कामाचं असतं.

आंद्रेयास ग्रुंत्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिकमध्ये हृदयाच्या शिरेची पहिली अँजिओप्लास्टी केली ती जांघेतून. मनगटाचा रस्ता नंतरचा, पण आज तोच पहिला, कारण तिथे रक्त आलं तर दिसतं आणि दाबता येतं. जांघेतून केलं असेल तर पाय सरळ ठेवून चार-सहा तास पडून राहावं लागतं. कंबरेत किंवा ओटीपोटात दुखून घाम येत असेल, चक्कर येत असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. सिस्टरना तेव्हाच हाक मारा, "गॅस असेल" म्हणून वाट बघू नका.

मनगटावरचा पट्टा

नळी काढली की मनगटावर पारदर्शक पट्टा बसवून त्यात सिरिंजने १३ ते १५ मिलिलिटर हवा भरतात. दोन-चार तासांनी दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन मिलिलिटर हवा काढतात. रक्त झिरपलं तर थोडी परत भरतात. दाब असा हवा की गळती थांबावी पण धमनी वाहती राहावी. घट्ट पट्टा तासन् तास राहिला तर धमनी बंद होऊ शकते. हाताला दुसरी धमनी असल्याने हात सहसा ठीक राहतो, पण पुढच्या वेळी तो रस्ता मिळत नाही. म्हणून बोटं बधिर, गार किंवा निळी पडली तर सांगा. भेटायला आलेल्या कुणीही "घट्ट वाटतोय का" म्हणत पट्ट्याला हात लावायचा नाही. आणि पथ्य नसेल तर पाणी भरपूर प्या, डाय लवकर बाहेर पडतो.

घरी

चार-पाच दिवस त्या हाताने पाण्याची बादली, भरलेला कुकर उचलू नका. कणीक मळणं आणि कपडे पिळणं दुसऱ्यावर सोपवा. दुचाकी चालवू नका, अॅक्सिलरेटर पिळताना जोर नेमका त्याच मनगटावर येतो. काळानिळा डाग कोपराकडे पसरत जाऊन पिवळा होतो आणि विरतो. टणक, वाढती गाठ मात्र दाखवावी. रक्त आलंच तर हात वर करून दोन बोटांनी त्याच जागी सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका, दोरी आवळू नका. तरी थांबलं नाही तर दाबूनच रुग्णालय गाठा.

सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची होते. अॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर. अटॅकनंतर स्टेंट असेल तर साधारण बारा महिने, ठरवून टाकला असेल तर बहुधा सहा. जाळीवर शरीराचा स्वतःचा पातळ थर चढेपर्यंत रक्ताला तो उघडा धातू असतो. गोळी सुटली तर तिथे एकदम गुठळी होते आणि शीर पूर्ण बंद पडते. उपवास, लग्नघर, गोळ्या संपल्या पण दुकान बंद, किंवा दाताच्या डॉक्टरांनी "पाच दिवस बंद करा" सांगितलं, या चार वाटांनी गोळ्या सुटतात. शेवटच्या बाबतीत आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

टिकाग्रेलर दिवसातून दोनदा असते. रात्रीची गोळी विसरली जाते, ती जेवणाला जोडून घ्या. तिच्यामुळे काहींना सुरुवातीला श्वास अपुरा वाटतो. तो प्रकार सांगितला तर गोळी बदलून मिळते. क्लोपिडोग्रेल चालू असताना आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल दुकानातून घेऊ नका, त्याने तिचा परिणाम कमी होतो. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको.

छातीत पुन्हा दुखलं तर बसून सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीदुखीवरची गोळी, जिभेखाली; उभ्याने घेतली तर बीपी उतरून पडायला होतं. गेल्या दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही, आणि ही गोष्ट लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ला फोन.

डिस्चार्ज घेताना अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, बॅच क्रमांक, जाडी आणि लांबी असते. बिलात लिहिलेला स्टेंट त्याच्याशी जुळतोय ना ते तिथेच बघा. सीडी घरी नेल्यावर एकदा संगणकात लावून चालते का पाहा आणि पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. दोन-तीन वर्षांत तिच्यावर ओरखडे पडतात, आणि नव्या डॉक्टरला नेमकं तेव्हाच जुनं चित्र हवं असतं.