वेल्डरनं पुढे शिकायचं ठरवलं, तर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वेल्डरांच्या टेस्ट घेणं हे माझं रोजचं काम. घर दांडिया बाजारात, त्यामुळे ओळखीतली मंडळी जिन्यातच गाठतात, "दादा, कुठला कोर्स केला की पगार वाढेल?"

कोर्स मागाहून, आधी रेट विचारा. दोन-तीन सुपरवायझरांना गाठा. थ्री-जी, म्हणजे उभी प्लेट मारणाऱ्याला रोज किती, सिक्स-जी, म्हणजे तिरका पाइप मारणाऱ्याला किती? मग फी आणि बुडणारा ओव्हरटाइम त्या फरकातून किती महिन्यांत वसूल होतो ते मांडा. वर्ष उलटणार असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

सिक्स-जीत पाइप ४५ अंशांत तिरका जखडलेला असतो. तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. पास झालात की जाडी-व्यासाच्या मर्यादेत आडवं, उभं, डोक्यावरचं अशा वेल्डिंगच्या सगळ्या पोझिशन खुल्या. माझ्यासमोर पोरं अडकतात ती टिग वेल्डिंगच्या रूटला, म्हणजे सांध्याच्या तळाच्या पहिल्या थराला, तेही पाइपच्या पोटाखाली. तिथे धातू खाली ओघळतो, आतून खळगा पडतो आणि एक्स-रे फिल्मवर काळपट पट्टा उमटतो. तेवढ्या चार बोटांच्या जागेसाठीच सराव लागतो.

म्हणून क्लासवाल्याला एकच विचारा, सरावाला पाइपचे तुकडे किती जाळायला देणार? सर्टिफिकेटची चौकट बघून भुलू नका. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे वेल्डरची टेस्ट कंपनीनं आपल्या जबाबदारीवर घ्यायची असते. क्लासचा कागद नेलात तरी गेटवर पुन्हा टेस्ट आहेच. शिवाय ज्या प्रोसेसनं, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीनं, टेस्ट दिली तिनं सहा महिने काम केलं नाही तर पात्रता जाते. कामाची नोंद क्यूसीकडून, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांकडून, सही करून घेत जा. मागायला लाजतात लोक, उगाच.

सुपरवायझर व्हायचंय आणि दहावी राहिलीय? एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. नोंदणी ५ वर्षं चालते, ९ संधी मिळतात, सुटलेला विषय जमा राहतो. नोकरी सांभाळून एकेक विषय काढता येतो. जोडीला आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे पाइपलाइनच्या तिन्ही दिशा एकत्र दाखवणारं चित्र, वाचायला शिका. हाताखाली माणसं देताना मालक तेच बघतो.

आणि तारखा जपून ठरवा. कोयलीच्या रिफायनरीत शटडाउन लागलं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद झाला, की डबल ड्यूटीचे पैसे मिळतात. ते घ्या, त्यातूनच फी भरा, आणि बॅच त्यानंतरची धरा.