बोर्डीला निघण्याआधी

नाशकाहून डहाणूजवळच्या बोर्डीला, समुद्रावर जायचं ठरलं की पहिलं काम गाडीचं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरचं. तिथी बघा. आम्ही पहिल्यांदा मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो होतो, चांदण्यातला समुद्र बघायला. संध्याकाळी साडेपाचला किनाऱ्यावर पोचलो तर पाणी पार लांब, आणि मध्ये नुसती ओली, चिखलट वाळू. मुलं रडवेली झाली. तिथला किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला समुद्र दिसेनासा व्हावा एवढा मागे जातो.

किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. अष्टमीला, मग ती शुद्ध असो की वद्य, आठाचे पाऊणपट सहा. सकाळीही आणि संध्याकाळीही. तेव्हा उधाण नसतं, भांगाची म्हणजे कमी चढणारी भरती असते, आणि मुलांना घेऊन काठाशी उभं राहायला तीच बरी. म्हणून सप्तमी ते नवमीच्या दरम्यान शनिवार-रविवार येतो का ते बघा आणि मग रजा टाका. चैत्र पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस मात्र टाळा. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते, वाटेवरच्या चारोटीच्या बाजूला गर्दी होते.

आता गाडी. चार चाकांची हवा सगळेच तपासतात, स्टेपनीची कोणी तपासत नाही. मोखाड्याच्या अलीकडे आमचं चाक बसलं, स्टेपनी काढली तर तीही मऊ. दोन तास रस्त्याच्या कडेला गेले. तेव्हापासून आदल्या संध्याकाळीच स्टेपनी, जॅक आणि पाना बाहेर काढून बघायचा नियम आहे. पेट्रोल नाशकातच भरून घ्या. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू असा रस्ता. मध्ये वळणं भरपूर आणि फोनला रेंज जाते-येते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि थोडे सुटे पैसे जवळ असू द्या. थांबत-थांबत पाच तास धरा. सहाला सातपूर सोडलं की नाश्ता जव्हारला होतो. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, हाताशी आलेपाक आणि दोन-चार प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा.

शिदोरी सुकी आणि न सांडणारी घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा पुरे, द्राक्षांचे दिवस असतील तर एक पेटी. मासे तिथेच खायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताज्या मासळीसाठी त्या दिवसांत जाऊ नका.

कपडे जुने, चपला रबरी, टोप्या सगळ्यांना. पाच लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन मागच्या डिकीत हवाच. खाऱ्या वाळूचे पाय धुतल्याशिवाय कोणालाही गाडीत घेऊ नका, ती वाळू सीटखालून महिनाभर निघत राहते.

आणि जाताना दोन गोष्टी रिकाम्या न्या. एक घट्ट झाकणाचा डबा, सुक्या बोंबलांसाठी. पिशवीत आणले तर पुढच्या पावसापर्यंत गाडीला वास राहील. दुसरं, भाजीचं क्रेट, चिकूसाठी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बागेतून घेतलेल्या त्या फळाची गोडी खरंच वेगळी. फळ घेताना नखाने सालीवर हलकं ओरखडा. आत हिरवट दिसलं आणि चीक आला तर ते अजून तयार नाही, पिवळसर दिसलं तर घ्या. तयार फळही कडकच मिळतं. घरी आल्यावर वर्तमानपत्रात पसरून ठेवा, रोज एकदा दाबून बघा, चार-पाच दिवसांत मऊ होतील. तोवर फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, थंडीत नीट पिकत नाहीत.